बोरच्या काठचा लाल

आमच्या दुकानात लाल रंगाला नुसतं लाल म्हटलेलं वडिलांना खपत नसे. हिंगणघाटच्या बाजारात आमचं साड्यांचं दुकान. कुंकवी, शेंदरी, डाळिंबी, विटकरी, राणी, आमसुली... गादीवर बसणाऱ्याला एवढे लाल तरी ओळखता आले पाहिजेत, नाहीतर त्यानं सरळ किराणा टाकावा, असं त्यांचं ठाम मत. "बाई लाल मागते, पन तिच्या मनात एकच लाल राह्यते. थोच काढून देता आला पाहिजे," असं ते म्हणायचे. लहानपणापासून हेच ऐकत आलो, त्यामुळे बाविसाव्या वर्षी माझी पक्की समजूत झाली होती की रंग पाहावेत तर आपण, बाकी जग नुसतं डोळे उघडे ठेवून फिरतं. ही मस्ती एका दिवसात उतरली. बोर धरणाच्या काठावर उतरली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही तिघं मित्र वर्ध्याच्या कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलो होतो. एकमेकांना नावानं हाक मारायची आम्हाला सवयच नव्हती. मी शेठ, कारण दुकान. दुसरा मास्तर, कारण त्याचे वडील मास्तर होते आणि ह्यालाही प्रत्येक गोष्टीतले दोन शब्द जास्त माहीत असायचे. त्याचं घर वर्ध्याला लागून पिपरी मेघेला, आणि तेच आमचा अड्डा. तिसरा अल्लीपूरचा, म्हणून अल्लीपूर. त्याच्या आईनं एकदा हाक ऐकली आणि विचारलं, "काऊन रे, माह्या पोराले नाव नाई का?" तेव्हा आम्ही दोघं जमिनीकडे पाहत बसलो.

अल्लीपूरच्या गावाला रेल्वे नाही. म्हणूनच की काय, त्याला रेल्वेचं वेड. शाळेसाठी तो एसटीनं हिंगणघाटला यायचा, आणि संध्याकाळची बस सुटेपर्यंत स्टेशनावर जाऊन फलाटाच्या पार टोकाला उभा राहायचा. एका मालगाडीच्या ड्रायव्हरनं त्याला एकदा खिडकीतून हात केला होता. बस, त्या दिवसापासून ह्याचं ठरलं. तो असिस्टंट ड्रायव्हरच्या परीक्षेला बसला, लेखी पास झाला, मुलाखतीतही निघाला. आता फक्त मेडिकल राहिलं होतं, नागपूरला, आठ दिवसांनी. त्याच्या बाबांनी गावात पेढे वाटूनसुद्धा टाकले होते. मेडिकल म्हणजे काय, छाती फुगवायची, वजन करायचं, झालं, असं सगळेच म्हणत होते. त्यात आम्हीही होतो.

होळी दोन दिवसांवर आली होती. मास्तरच्या आईला धुळवडीसाठी पळसाची फुलं हवी होती. त्यांच्याकडे बाजारचा रंग आणत नसत. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी ठेवून त्यात फुलं उकळायची, रात्रभर तशीच ठेवायची, सकाळी गाळून घ्यायची. अंगावर पडलं की केशरी, आणि दोन आंघोळींत साफ. बोरच्या काठाला पळस बेसुमार फुललाय असं कुणीतरी सांगितलं होतं. अल्लीपूरच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरी होळी नव्हती, पण तो म्हणाला, "फुलं तुमची, धरन माह्यं. म्या आजपर्यंत पाह्यलं नाई." खरं म्हणजे आम्हीही पाहिलं नव्हतं. वर्ध्याहून चाळीस किलोमीटरवरचं धरण, आणि बावीस वर्षांत कुणी उठून गेलं नव्हतं. घर की मुर्गी दाल बराबर, दुसरं काय.

मास्तरच्या वडिलांची जुनी स्कूटर. आडवी केल्याशिवाय सुरू व्हायची नाही. तिच्यावर आम्ही तिघं, मध्ये मी, माझ्या मांडीवर भाकर-झुणक्याचा डबा आणि ठेच्याची बाटली. माझ्या शर्टाच्या खिशात एका सेफ्टी पिनेत ओवलेल्या साड्यांच्या चिंध्या होत्या. परत येताना वर्ध्यातून मॅचिंगचे फॉल आणायचे, हे काम वडिलांनी गळ्यात मारलं होतं. सेलू गेलं, हिंगणी गेली, मग रस्ता अरुंद झाला आणि दोन्ही बाजूंना साग लागला. पानं झडलेला, हाडं निघालेला साग. ऊन अजून कोवळं होतं. अल्लीपूर मागून ओरडून प्रत्येक चढावर स्कूटरला धीर देत होता.

धरणाच्या भिंतीखाली स्कूटर लावली. खालून काही दिसत नाही. गवत वाढलेला मातीचा उंच बांध, एवढंच. मी म्हटलं, "हे काय बे, आमच्या गावच्या जिनिंगमागं सरकीचा याच्याहून मोठा ढीग राह्यते." आणि बडबडत बडबडतच पायऱ्या चढून वर आलो. वर आलो, आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

बाप्पा! काय सांगू राजेहो, मी तोवर पाणी म्हणून जे पाहिलं होतं ते म्हणजे आमची वेणा नदी. मार्चमध्ये तिच्यातून म्हशी गुडघाभर पाण्यात पार होतात. आणि इथे समोर नजर पोचेल तिथवर पाणी. मधोमध निळं, काठाला हिरवट, आणि वारा फिरला की सगळं एकदम चांदीचं. पलीकडे एकामागे एक डोंगर, शेवटचा तर इतका फिकट की तो डोंगर आहे की आभाळ, हे ठरेना. पाण्यात एक बेट होतं, बेटावर वाळलेलं झाड, आणि त्याच्या फांदीफांदीवर पाणकावळे पंख वाळत घालून बसलेले. कुठे कसला आवाज नाही. एक टिटवी तेवढी ओरडत गेली, आणि तिचा आवाज पाण्यावरून जात जात समोरच्या डोंगराला लागून परत आला. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो, असं मास्तर अजून सांगतो. बसलोच होतो. रडू येतंय का हसू, तेही कळत नव्हतं, आणि ह्या दोघांनी पाहू नये म्हणून मी चपलेचा पट्टा नीट करत राहिलो.

तेवढ्यात मास्तर किंचाळला. "अबे, तिकडं पाह्य! आग लागली आग!"

पलीकडच्या काठावर, पाण्याला लागून, अख्खा उतार पेटला होता. पळस. एक-दोन झाडं नव्हेत, शेकडो. एका झाडाला पान नाही, नुसती फुलं. वाळक्या पिवळ्या डोंगरावर तो रंग असा भडकला होता, आणि खाली पाण्यात तेच सगळं उलटं, हलतं. मी मनात नावं लावायला लागलो. शेंदरी? नाही, शेंदरीत एवढी धग नसते. केशरी? केशरी त्यापुढे पाणचट. आमच्या दुकानात एवढे रंग, पण त्या उताराला लावायला माझ्याकडे एक नाव निघेना.

"कुठं?" अल्लीपूर म्हणाला.

"अबे समोर! पुरा डोंगर पेटला न्!"

"हाव हाव. मस्त हाय," तो म्हणाला. त्याचे डोळे मात्र डावीकडे, जिथे नुसता सागच होता, तिथे फिरत होते. मास्तरनं त्याची मान धरून सरळ केली आणि आम्ही हसलो. तोही हसला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आत जंगलात जायला परवानगी लागायची, म्हणून आम्ही काठाकाठानं निघालो. पाणी मागे हटल्यामुळे काठाला भेगाळलेल्या चिखलाचा पट्टा पडला होता, त्यावर हरणांच्या खुरांचे ठसे. एका ठिकाणी पाणी पिऊन परत गेलेल्या कुठल्यातरी मोठ्या जनावराचा पंजा होता. मास्तर म्हणाला, तडस. अल्लीपूर म्हणाला, कुत्रं. मी म्हटलं, वाघ, कारण मला वाघच हवा होता. तासाभरानं एका टेकडीच्या पायथ्याशी पळसाचं बन लागलं आणि आम्ही पिशव्या काढल्या.

झाडाखाली फुलांचा सडा होता. ताजी केशरी आणि दोन दिवसांची विटून करपलेली, सगळी एकत्र. रंगाला ताजीच लागतात. मी आणि मास्तर दोन्ही हातांनी भरत सुटलो. अल्लीपूर मात्र एकेक फूल उचलायचा, दोन बोटांत दाबायचा, मग कधी पिशवीत टाकायचा, कधी फेकून द्यायचा. आमच्याकडे व्यापारी कापूस पारखतात ना, तसं.

"काऊन बे," मी म्हटलं, "भाव काढून राह्यला काय फुलाचा?"

"ताजं थंड लागते," तो म्हणाला. "शिळं लागत नाई."

"पन दिसते ना समोर! हात कायले लावा लागते?"

त्यानं पुढचं फूल उचलून बोटांत दाबलं. ते पाहताना मला एकदम एक जुनी गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी तो बहिणीसाठी आमच्या दुकानातून साडी घेऊन गेला होता. वडील जेवायला गेले होते, गादीवर मी. मी दहा साड्या टाकल्या आणि म्हटलं, तूच काढ. "ताईले लाल पाह्यजे," असं म्हणत त्यानं मेहंदी हिरवी उचलली. मला वाटलं, गंमत करतोय. बांधून दिली. दुसऱ्या दिवशी बदलायला आला तेव्हा दुकानभर हशा पिकवला मी. "लगनाआधीच आंधळा झाला हा," असं म्हणालो होतो. माझेच शब्द मला तिथे पळसाखाली ऐकू आले आणि हातातली पिशवी जड झाली.

मी खिशातून सेफ्टी पीन काढली. दोन चिंध्या वेगळ्या करून तळहातावर ठेवल्या. एक विटकरी, एक मेहंदी. जन्मापासून कपड्यात लोळणाऱ्या माणसाला यापेक्षा सोपं काही नाही.

"याच्यातली लाल कोनती?"

तो बराच वेळ पाहत राहिला. वारा आला, चिंध्या हलल्या, तरी पाहत राहिला. मग म्हणाला, "दोनी एकच हाय ना बे शेठ?" आणि माझ्या तोंडाकडे बघून त्याला उत्तर कळलं. तो खालीच बसला.

लहानपणापासून असंच होतं. शाळेत झाडाचं चित्र काढलं आणि पानं तांबडी रंगवली, म्हणून गुरुजींनी छडी दिली होती. तेव्हापासून त्यानं रंगाचं नाव आधी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं आणि मग हाव म्हणायचं, असं ठरवून टाकलं होतं. घरात कुणाला पत्ता नाही. आमच्या रोजच्या रस्त्यांवर सिग्नल नव्हता, त्यामुळे कुठे अडलं नाही. आणि आता आठ दिवसांवर मेडिकल, तेही गाडीच्या ड्रायव्हरचं. तिथे डोळे तपासायला एक पुस्तक असतं. पानावर रंगीत ठिपके, ठिपक्यांत आकडा लपवलेला. ज्याला रंग दिसतात त्याला आकडा दिसतो. ह्याला नुसते ठिपके.

"कोनाले सांगू नका," तो म्हणाला. "म्या जुगाड केलं हाय."

त्यानं पाकिटातून चिठ्ठी काढली. आदल्या वर्षी मेडिकल देऊन आलेल्या एका ओळखीच्या मुलानं पुस्तकातले आकडे ओळीनं लिहून दिले होते. पहिल्या पानावर बारा, दुसऱ्यावर आठ, तिसऱ्यावर एकोणतीस, असे. पहिलं पान सगळ्यांनाच दिसतं म्हणे, रंगांधळ्यालाही. दुसऱ्यापासून खरी परीक्षा. त्याचं पाठ होत आलं होतं, पण घरी कुणासमोर म्हणून पाहता येत नव्हतं. "तुमी विचारजा," तो म्हणाला. "उलटसुलट नको, सरळ. पुस्तक सरळच उघडतेत."

आता लिहिताना लाज वाटते, पण खरं सांगतो, आम्हा दोघांच्या मनात दुसरा विचारच आला नाही. मित्राची नोकरी, बस. उलट आम्हाला चेवच आला. मास्तरनं तर लगेच शिकवणीचा पवित्रा घेतला. पिशव्या पाठीला लावून आम्ही टेकडी चढायला लागलो आणि वाटभर पाढे सुरू. "दुसरं पान?" "आठ." "चवथं?" "पाच." "अबे, पटकन बोल, डाक्टर समोर बसून हाय!" बांबूच्या बेटातून, सुट्या दगडांवरून, घामाघूम होत. मागे वळलं की पाणी दर वळणावर आणखी रुंद होत चाललं होतं, आणि आम्ही ओरडत होतो, एकोणतीस, एकोणतीस! वानरं फांद्यांवरून आमच्याकडे बघत होती. मी पुढे होतो. अल्लीपूर माझ्या मागे.

"शेठ! थांब! पाय टेकवू नको!"

माझा उजवा पाय हवेत होता. तो तसाच राहिला. मला वाटलं, साप.

"काय हाय?"

"पायाखाली. पाखरू बसून हाय."

मी खाली पाहिलं. सागाची वाळकी पानं, काड्या, खडे. बस. मास्तर वाकला, त्यानंही पाहिलं. पानं. "कुठं बे?" "अबे, तुह्या अंगठ्यासमोर, वीतभर!" अल्लीपूर हातानं दाखवत होता, आम्ही त्याच्या बोटाच्या रेषेत डोळे फाडून बघत होतो, आणि आम्हाला पानांखेरीज काही दिसत नव्हतं. मी पाय मागे घेतला आणि गुडघ्यांवर बसलो. मग त्या वाळक्या पानांमधल्या एका पानानं डोळा उघडला. काळा, ओला, बारीक डोळा. आणि त्या डोळ्याभोवती हळूहळू, जसं पाण्यातून काही वर येतं तसं, एक पाखरू तयार झालं. चोच, पंख, पंखांवरची नक्षी. सगळं सगळं पाचोळ्याच्या रंगाचं. ते हललं नाही. आम्ही श्वास धरून बसलो होतो आणि तेही बसलं होतं. मग एकदम, काहीही आवाज न करता, ते उठून बांबूंत गेलं आणि ते बसलं होतं तिथे उघड्या जमिनीवर दोन अंडी होती. घरटं नाही, काडी नाही. माझा पाय बरोबर त्यांच्यावर पडणार होता.

आई शपथ सांगतो, धरणाचं एवढं पाणी पाहून जे झालं नव्हतं ते ती दोन अंडी पाहून झालं. मी चपला काढून हातात घेतल्या. त्या पाखराला रातवा म्हणतात, हे पुढे बऱ्याच वर्षांनी मास्तरला पुस्तकात सापडलं. आम्हा दोघांचे चार धडधाकट डोळे, त्यात एक तर साड्यांच्या पेढीवरची नावाजलेली जोडी, आणि आम्हाला ते दिसलं नाही. ज्याला पेटलेला डोंगर दिसला नाही, त्याला ते चालता चालता दिसलं. मास्तरजवळ याचंही उत्तर होतं. आपण रंगाच्या नादानं पाहतो, हा आकाराच्या नादानं पाहत असेल, असं तो म्हणाला. असेल बुवा. मी त्या दिवशी अल्लीपूरकडे देवळात पाहावं तसं पाहत होतो.

"तुले खरंच नाई दिसलं?" त्यानं मला विचारलं.

"खरंच नाई."

"म्या नसतो तं फुटले असते."

"फुटलेच असते," मी म्हटलं. आम्ही बाजूनं लांबून वळसा घेतला, म्हणजे ते पाखरू परत येईल.

माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मोठ्या खडकावर डबा उघडला. खाली अख्खा जलाशय, त्याचे जंगलात शिरलेले हात, त्या हातांची बोटं. लांबून बदकांचा थवा आला, वर्तुळ घेतलं आणि पाण्यावर उतरताना शंभर रेघा ओढून गेला. अल्लीपूर बदकांकडे पाहतोय तोवर मास्तरनं त्याला पुन्हा विचारलं, "पाचवं पान?" अल्लीपूर म्हणाला, "आता राहू दे." मग भाकर खाता खाता तो मला म्हणाला, "शेठ, थो डोंगर कसा दिसते, सांग ना. तुह्या दुकानातल्या नावानं सांग."

मी सांगितलं. पाण्याजवळचा शेंदरी, वरचा विटकरीकडे झुकलेला, सावलीतला आमसुली. त्याला यातलं काय कळत होतं कोण जाणे. पण तो मान डोलवत ऐकत राहिला, आणि मध्येच विचारायचा, "हा पहिल्याहून गरम का?" मी म्हणायचो, गरम. किंवा, नाही, जरा निवलेला. असं पहिल्यांदाच कुणीतरी मला रंग विचारत होतं. ऊन उतरेपर्यंत आम्ही तेच करत बसलो. त्या नादात फॉल राहिले ते राहिलेच, आणि घरी बोलणी खाल्ली.

आठ दिवसांनी तो नागपूरहून परत आला. नापास. "डाक्टरनं पानं उलटसुलट केली," एवढंच म्हणाला. आम्ही त्या न पाहिलेल्या डॉक्टरचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला. त्याचे बाबा तर त्याहून. पेढे खाल्लेलं गाव दोन महिने त्यांना येता-जाता विचारत होतं. पुढे अल्लीपूर एका जिनिंगमध्ये लागला, कापूस पारखायला. बोटांत पेळू धरला की धागा किती लांब निघेल ते सांगायचा. चांगलं नाव काढलं त्यानं. पण हिंगणघाटच्या फाटकावर गाडी जायला लागली की तो सायकलवरून उतरून उभा राहायचा. मी तेव्हा दुसरीकडे बघायचो.

दहाएक वर्षं गेली. तिघांची लग्नं झाली, पोरं झाली. अल्लीपूरचे बाबा त्या हिवाळ्यात वारले होते. होळीच्या आधी मास्तरच म्हणाला, चला, बोरला जाऊ. ह्या वेळी त्याची चारचाकी. धरणाला आता गर्दी असते, चिप्सची पाकिटं उडत असतात. पण पायऱ्या चढून वर आलो आणि माझं तोंड पुन्हा तसंच उघडं राहिलं. तेच पाणी. आणि पलीकडचा उतार पेटलेला.

मास्तर गाडीतून डबे काढायला गेला. आम्ही दोघं भिंतीवर बसलो. मी सहज म्हटलं, "त्या डाक्टरनं पानं सरळ ठेवली असती, तं आज तू एक्स्प्रेसवर राह्यला असता."

तो पाण्याकडे बघत होता. "पानं सरळच होते बे," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे वळलो.

"पहिलं पान बारा. थे सांगतलं. दुसरं पान उघडलं. आठ. ओठावर आलतं माह्या. डाक्टर पेन घेऊन बसून होता, लिहाले. अन् मले तुहा पाय आठवला. वरतं धरलेला. तुले नाई दिसलं थे, तुही काय चूक? तुले मालूमच नव्हतं. मले तं मालूम होतं ना, का मले लाल दिसत नाई. गाडीत किती मानसं राह्यते बे."

"मंग काय म्हनलास?"

"म्हनलं, साहेब, नुसते ठिपके हाय."

"अन् बाबाले?"

"तेच सांगतलं, जे तुमाले सांगतलं. उलटसुलट केली म्हून." त्यानं हातानं तोंड पुसलं. "जाईपर्यंत शिव्या देत होते त्या डाक्टरले. गरीब बिचारा. लय चांगला मानूस होता, म्या नाई म्हनलं तं त्यानं मले पानी देल्लं."

दहा वर्षं मी ह्या माणसाच्या नशिबाची कीव केली होती. त्याच्यासोबत चहा पिताना केली होती, त्याच्या पाठीमागे माझ्या बायकोसमोर केली होती. मी त्याच्या हाताला हात लावला. तो बोटांनी काहीतरी चाचपत होता. पाहिलं तर वाऱ्यानं भिंतीवर आलेली पळसाची पाकळी होती.

"ताजी हाय," तो म्हणाला. मग समोर हनुवटी केली. "आज कसा हाय थो? सांग."

मी डोळे पुसले आणि समोर पाहिलं. "शेंदरी," मी म्हटलं. मग म्हटलं, "नाई, थांब. नीट पाहू दे."